दाजूंचा निरोप, रविवारी नक्की या

मंडळी, तळजाईवरून उतरल्यावर आपण जिथं चहाला बसतो तिथले दाजू या महिनाअखेरीला नोकरी सोडून कायमचे नेपाळला चाललेत. रविवारी सकाळी साडेसातला हॉटेलातच जमायचंय, घरच्यांनाही आणा. 34 वर्षं झाली हो, आधी मोरीवर कपबश्या विसळल्या मग टेबलं आली, आणि अजूनही बिनसाखरेचा कुणाचा हे न विचारता ग्लास बरोबर त्याच्यापुढेच ठेवतात, काठाला बोट न लावता. आणि प्लीज "बहादूर" अशी हाक नको, दाजू म्हणजे त्यांच्याकडे मोठा भाऊ.

पाकिटासाठी प्रत्येकी 500 शनिवारपर्यंत माझ्याकडे द्या.

पण खरा मुद्दा ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मालकानं एकरकमी द्यायच्या पैशांचा. मालक म्हणतात नेपाळी माणसाला कसली ग्रॅच्युइटी, मला हे ऐकून फार वाईट वाटलं. 1950 च्या भारत-नेपाळ तहापासून नेपाळी लोक इथं राहून रीतसर काम करू शकतात, आणि 10 किंवा जास्त कामगार असले की 5 वर्षांनंतर दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार द्यावाच लागतो, 26 दिवसांचा महिना धरून दाजूंचा साडेएकोणीस महिन्यांहून थोडा जास्तच पगार होतो. ग्रुपमधल्या वकील मंडळींनी रविवारी सातलाच यावं, आधी मालकांशी शांतपणे बोलू.