चौकशी लागली, वसुलीचे काय?

महोदय,

सहकारी बँक अडचणीत आली की ‘कलम ८८ची चौकशी लावली’ एवढ्यावर बातमी संपते. खरी गोम पुढेच आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या या कलमाखाली प्रत्येक दोषी संचालकावर नुकसानीची रक्कम निश्चित होते. या चौकशीची मुदत दोन वर्षे, फार तर सहा महिने वाढ. मग अपील, तेही पुष्कळदा सहकारमंत्र्यांपुढे, म्हणजे राजकारण्यांचा निवाडा राजकारण्याकडेच! तोवर जमिनी नातेवाइकांच्या नावे होतात. मालमत्ता हलते आहे असे दिसताच कलम ९५ची जप्ती, म्हणजे निकालाआधीच मालमत्ता गोठवणे, का होत नाही? दिरंगाई किती, ते महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचेच पाहा: संचालक मंडळ २०११ साली बरखास्त झाले. गुन्हा नोंदला गेला २०१९मध्ये, तोही उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. ठेवीदारांनी माहिती अधिकारात सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे ८८च्या आदेशाची तारीख आणि जप्त मालमत्तेची यादी मागावी.

– एक ठेवीदार