भाऊ, तुमच्या त्या थांबण्याबद्दल

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

साताऱ्याला येऊन पंधरा दिवस झाले. फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

इंग्लंडमधल्या ईडेल गावच्या स्टेशनवर आपली फिरायला निघालेली मंडळी उतरली तेव्हाच मी लेकीला म्हटलं होतं, तुम्ही जा, मी इथंच बसते. गुडघ्याच्या ऑपरेशनला वर्षही झालं नव्हतं. तुम्ही ते ऐकलंत. बोलला काहीच नाहीत, हातातली काठी माझ्या हातात दिलीत आणि सगळ्यांच्या मागे राहिलात.

होलिन्स क्रॉस खिंडीच्या चढावर मला दर पन्नास पावलांनी दम लागत होता. पण माझ्यामुळे खोळंबा होतोय असं तुम्ही एकदाही वाटू दिलं नाहीत. दर वेळी तुम्हालाच काहीतरी दाखवायचं असायचं. मागे किंडरचं पठार दाखवलंत: १९३२ च्या एप्रिलमध्ये तिथं फिरायला असलेली बंदी मोडून कामगार पोरं चढली, काहींना तुरुंगवास झाला. उजवीकडे ५१७ मीटर उंचीचा मॅम टॉर डोंगर. आणि ईडेलला स्वतःचं चर्च नव्हतं त्या काळी गावकरी आपली प्रेतं याच वाटेनं पलीकडे कॅसलटनला नेत, हेही सांगितलंत. ते ऐकल्यावर मी बराच वेळ काही बोलले नाही. माणूस खांद्यावर घेऊन हा चढ! त्यानंतर दम कमी लागला, खरंच.

पब म्हणजे दारूचा अड्डा, एवढंच मला ठाऊक. पायरी चढताना छातीत धडधडत होतं. आत पाहिलं तर शेजारच्या टेबलावर आजी-नातवंडं जेवतायत, खाली कुत्रं झोपलेलं. चिखलाचे बूट दाराशी काढून आपण बसलो. तुम्ही आदल्या दिवशीच फोन करून माझ्यासाठी मांस-अंडं नसलेलं काय मिळेल ते विचारून ठेवलं होतंत. बटाट्याचं दाट गरम सूप आलं, जाड पावाच्या कापावर लोणी वितळत होतं. आणि न सांगता तुम्ही एक खुर्ची माझ्या पायाखाली सरकवलीत.

काठी "राहू द्या" म्हणालात, ती साताऱ्याला आली आहे. परवा पहाटे ती घेऊन अजिंक्यताऱ्याच्या महादरवाजापर्यंत गेले. वाटेत सात वेळा थांबले. फोटो पाठवते आहे.

तुमची,
साताऱ्याची ताई