रिकाम्या खुर्च्यांचा हिशेब

संपादक महोदय,

घरून काम आलं, आता ऑफिसं ओस पडणार, असा सूर वरचेवर ऐकू येतो. बावीस वर्षं ऑफिसांतल्या बैठकव्यवस्थेचे नकाशे आखतोय, म्हणून थोडं लिहितो.

2020 पूर्वी हिशेब सोपा होता: माणसं 100, टेबलं 100. आता मालक म्हणतो, साठात भागवा. भागतं हो, सोमवारी आणि शुक्रवारी! मधल्या तीन दिवसांत सगळे एकदम उगवतात. मांडीवर लॅपटॉप घेऊन जिन्यात बसलेली माणसं मी स्वतः पाहिली आहेत. जागा ठरवावी लागते ती गर्दीच्या दिवसावर, त्यामुळे वाटतं तितकी ती कमी करता येत नाही. टेबलं घटतात, पण बैठकीच्या खोल्या वाढतात, शिवाय फोनवर बोलायला दार लावलेली खोकी. (त्यांत हवा खेळत नाही, ही तक्रार वेगळीच.)

भाडेकरार अनेक वर्षांचे असल्यामुळे परिणाम उशिरा दिसतो. मुदत संपली की कंपनी कमी जागा घेते, पण चांगल्या इमारतीत. जुन्या इमारती मागे पडतात. 'त्यांची घरं करा' हे म्हणायला सोपं. मजले दर्शनी भिंतीपासून आत इतके लांबवर पसरलेले असतात की मधल्या भागाला खिडकीच मिळत नाही, आणि पाण्याचे सगळे पाइप लिफ्टशेजारच्या एका कोपऱ्यात. प्रत्येक घराची मोरी कुठे काढायची, ते सांगा!

आपला,
एक नकाशे आखणारा वाचक