दहाचा सेट लाव, पण आधी नट बघ

फोंडा,
नारळी पौर्णिमा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. सेकंडहँड का असेना, स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटार घरात आली हे फार बरं झालं. आता तुझ्या प्रश्नाकडे वळतो, तारा किती जाडीच्या लावायच्या. आधीच्या मालकाने तारांचा नऊचा सेट चढवून ठेवलाय. तुम्ही गायकाच्या गळ्यासाठी सगळं अर्धा स्वर खाली लावता, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी तीनऐवजी काळी दोन. त्यामुळे सहावी, सगळ्यात जाड तार लोंबते, जोरात वाजवली की फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, खडखडते, आणि बँडमधला जो तो तुला ‘अकरा लाव’ म्हणून सांगतो. अकरा लावू नकोस. दहाचा लाव.

पण आत्ता जो सेट आहे तो खरंच नऊचा आहे का, ते आधी मोजून घे. मालकाच्या तोंडी हिशोबावर जाऊ नकोस. म्हापशात कुठल्याही लेथवाल्याकडे मायक्रोमीटर असतो. पहिल्या तारेची जाडी ०.२३ मिमी भरली तर नऊ, ०.२५ भरली तर दहा. हा आकडा म्हणजे इंचाचा हजारावा भाग, बाकी त्यात काही गूढ नाही. नऊच्या नेहमीच्या सेटमध्ये ९, ११, १६, २४, ३२, ४२ अशा तारा येतात, दहाच्यात १०, १३, १७, २६, ३६, ४६.

एका हजारांशाने काय होतंय असं वाटेल. पण ताण जाडीच्या वर्गाने वाढतो, आणि तिथेच माणसं फसतात. स्ट्रॅटची नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज (बॉडीवरचा तारांचा आधार) लांबी साडेपंचवीस इंच. त्या लांबीवर पहिली तार ईला, म्हणजे पांढरी तीनला, लावली तर नऊवर सुमारे ५.९ किलो ताण येतो, दहावर ७.३, अकरावर ८.९. दर आकड्याला वीस टक्क्यांहून जास्त. उलट अर्धा स्वर खाली उतरलं की ताण अकरा टक्के कमी होतो, पूर्ण स्वर उतरलं तर वीस टक्के. म्हणजे तुमच्या पट्टीत तुझी नऊची तार ५.३ किलोवर आलीय. ती लोंबणार नाही तर काय करणार? दहाची तिथे साडेसहावर बसेल, म्हणजे ईला लावलेल्या नऊ आणि दहाच्या बरोबर मधे. अकरा लावलीस तर जवळजवळ आठ किलो. पहिल्या दोन गाण्यांत छान वाटेल. पण लग्नाच्या हॉलमध्ये तिसऱ्या तासाला सतारीच्या मींडेसारखी तार ओढायची वेळ आली की बोटं सांगतील. पूर्ण स्वर खाली वाजवत असतास तर मात्र मीच तुला अकरा सुचवले असते.

तुमच्या दुसऱ्या गिटारवाल्याचं ऐकू नकोस, कारण त्याच्याकडे लेस पॉल आहे. तिची लांबी पाऊण इंचाने कमी, म्हणून तीच तार त्याच्या हाताला सहा टक्के मऊ लागते. त्याचे दहा तुझ्या दहाहून सैल असतात, आणि त्याला अकरा सहज पेलतात. एकाची तार दुसऱ्याच्या गिटारवर चालेलच असं नाही.

‘जाड तार, जाड आवाज’ हेही मला अर्धंच पटतं. जाड तारेने पिकअपमध्ये, म्हणजे तारांखालच्या आवाज पकडणाऱ्या चुंबकात, थोडा जास्त सिग्नल जातो, एवढं खरं. बाकी आवाज हात आणि ॲम्प ठरवतात. ब्लूज गिटारवाला स्टीव्ही रे वॉन तेराची पहिली तार लावायचा, तीही अर्धा स्वर उतरवून. झेडझेड टॉप बँडचा बिली गिबन्स सातची लावतो, आणि त्याच्या आवाजाला कोणी किरकोळ म्हटल्याचं ऐकिवात नाही. अकरा विकत घेण्याआधी फक्त पिकअप खालीवर करून बघ. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, सहाव्या तारेखाली पिकअपपर्यंत साधारण २.४ मिमी आणि पहिलीखाली २ मिमी जागा ठेव. फार जवळ आणलंस तर चुंबक तारेला खेचतो आणि जाड तारांचा सूर वरच्या फ्रेटवर डगमगतो.

आता तारा बदलायचं काम. सगळ्या तारा एकदम काढू नकोस. तुझा ब्रिज तरंगता आहे. पुढून तारा ओढतात, मागच्या झाकणाखालून स्प्रिंगा ओढतात, आणि त्या ओढाओढीत तो तोललेला असतो. एकेक तार बदल, किंवा ब्रिजच्या मागच्या कडेखाली पत्त्यांची गड्डी सरकवून ठेव. गुळगुळीत तारांना खुंटीवर तीन वेढे पुरेत, जाड तारांना दोन, आणि प्रत्येक वेढा आधीच्या खाली. मग प्रत्येक तार बाराव्या फ्रेटपाशी हलके उचलून ताण, परत सुरात लाव, असं तीन-चार वेळा कर. हे न करता स्टेजवर गेलास तर पहिल्या गाण्यातच सूर उतरेल आणि दोष बिचाऱ्या खुंट्यांवर जाईल.

तारा चढल्यावर ब्रिजची मागची कड उचलली जाईल. बॉडीपासून मागे ३ मिमी अंतर हवं. मागचं झाकण काढ, स्प्रिंगांचा पंजा दोन लांब स्क्रूंनी लाकडाला धरलेला दिसेल. दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळ, परत सुरात लाव, मोज, परत आवळ. आधी मोजून मग सुरात लावशील तर फसशील, कारण अंतर सुरात असतानाचंच खरं. तुझ्या बाबतीत बदल मोठा नाही. नऊचा पूर्ण सेट ईला लावला की मानेवर सुमारे ३८ किलो ताण येतो, दहाचा तुमच्या पट्टीत सुमारे ४२. मान आधीच्या मालकाने नऊला, ईच्या पट्टीत बसवलेली असेल तर ट्रस रॉडला, म्हणजे मानेतल्या लोखंडी सळीला, कदाचित हातही लागणार नाही. तरी तपास. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लाव, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाब, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट बघ. पाव मिलिमीटर असेल तर सोड. जास्त असेल तर रॉड आवळायचा, पण एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि अडला तर जोर लावायचाच नाही.

नटकडे मात्र कोणी बघत नाही, आणि अर्ध्या तक्रारी तिथूनच येतात. नऊसाठी कापलेल्या खाचेत ४६ ची तार अडकते. खुंटी फिरवताना ‘टिक्’ असा आवाज आला आणि सूर एकदम उडी मारून चढला की समजावं. आधी मऊ पेन्सिलीचं शिसं खाचेत घासून बघ. तरीही टिकटिक राहिली तर नटची फाईल असलेल्या कारागिराकडेच जा, घरातल्या करवतीने प्रयोग नको. खाच एकदा खोल गेली की मोकळी तार तंबोऱ्याच्या जवारीसारखी झणझणते. तंबोऱ्यावर ते गोड लागतं, इथे नाही.

शेवटी इंटोनेशन, म्हणजे तार मानेवर सगळीकडे सुरात बोलते का ते. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघ. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरची त्या तारेची बैठक) मागे घे, उतरता असेल तर पुढे. दर वेळी तार परत सुरात लावायची. जाड तारांवर सॅडल बहुधा मागेच सरकवावी लागते. तिसरी तार सगळ्यात हट्टी. गुळगुळीत १७ ची असल्याने ती दाब जरा जास्त झाला की लगेच चढते. सॅडलने पूर्ण बरी होत नाही, बोट हलकं करावं लागतं.

तारा कोणत्या घ्याव्यात, तर निकेल चढवलेल्या स्टीलच्या नेहमीच्या चालतील, पण हणजुणेच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये वाजवणार असशील तर कोटिंगवाल्या घे. महाग पडतात, तरी खाऱ्या वाऱ्यात आणि घामात साध्या तारांना ठिपके पडायला वेळ लागत नाही. वाजवून झालं की सुक्या सुती कपड्याने तारा पुस, खालच्या बाजूनेही. केसमध्ये सिलिका जेलची पुडी टाक. आणि एसीतून बाहेरच्या उकाड्यात आलास की दहा मिनिटं थांबून मगच सुरात लाव, तारा गरम होऊन उतरतात.

हे सगळं चवथीच्या आधी उरकून घे. पावसाळा सरल्यावर मान परत थोडी हलेल, तेव्हा मानेतली फट आणि ब्रिजमागचं अंतर एकदा फिरून मोज. मोजलेले आकडे तिथल्या तिथे झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेव.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग. नटची टिकटिक राहिली तर कळव.

तुझाच,
फोंड्याचा दोस्त