लंडनमध्ये वाढलेल्या माझ्या मुलीस

ठाणे, रविवार रात्र

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मी "छान आहे गं नाव" म्हणाले, ते खोटं नव्हतं. मिया गोस. सुटसुटीत आहे. घोसाळकर तिथल्या लोकांच्या जिभेवर बसायचं नाही हे मलाही कळतं, आणि नाटक-सिनेमात नाव बदलायची रीत आपल्याकडेही जुनीच आहे. बाबा असते तर आधी चिडले असते आणि आठवड्याभराने सोसायटीत सगळ्यांकडून नवं नाव पाठ करून घेतलं असतं. तेव्हा नावाबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पण तुझा फोन झाल्यावर रोहनने तुझ्या मॅनेजरने केलेलं ते पान दाखवलं. फोटो सुरेख आलेत. खाली ओळ होती, "लंडनमध्ये वाढलेली". मी चष्मा पुसून परत वाचलं. अगं, लंडनला तू कोर्सला गेलीस ती कॉलेज संपल्यावर. वाढायचं सगळं नौपाड्यातच आटोपलं होतं, आणि उरलंसुरलं सुट्टीत कुडाळला.

यावरही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. मग जुन्या हॉलिवूडमधली नटी मर्ल ओबेरॉन डोक्यात आली आणि जाईना.

२०२३ मध्ये मिशेल यो या नटीला ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हा पेपरात हिचं नाव वाचलं होतं. मिशेलला "आशियाई वंशाची पहिली" म्हणताना लिहिणारे अडखळत होते, कारण १९३५ च्या 'द डार्क एंजल'साठी मर्लला मुख्य अभिनेत्रीचं नामांकन आधीच मिळून गेलं होतं. फक्त तेव्हा ती आशियाई आहे हे जगाला माहीत नव्हतं. तेव्हापासून मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचते.

मुंबईची गं ती. जन्म १९ फेब्रुवारी १९११. वडील इंग्रज, रेल्वेत इंजिनिअर. आईकडचं रक्त सिलोनचं. लहानपणीच कलकत्त्याला गेली, तिथे ला मार्टिनिअर शाळेत मुलींनी मिश्र रक्तावरून इतकं छळलं की शाळाच सुटली. आणि मग काय झाली, सांग? टेलिफोन ऑपरेटर! मी वाचता वाचता ताठ बसले. म्हणजे आमच्याच बोर्डावरची की. नाइट ड्यूटीला ट्रंक कॉलच्या बोर्डावर बसून आम्हीही पलीकडच्या ऑपरेटरला आवाज बदलून बनवायचो. आमच्या सुपरवायझरबाई साहेबांच्या मिसेसचा आवाज असा काढायच्या की साहेबसुद्धा फसले असते. मी घरी येऊन ते तुला करून दाखवायची आणि तू चिमुकल्या हाताने कानाला वाटी लावून "हॅलो, नागपूर?" म्हणायचीस. बाबा म्हणायचे, ही बोर्डावर बसणार नाही, ही स्टेजवर जाणार.

असो. कुठे होते मी? कलकत्त्याहून ती फ्रान्सला, तिथून लंडनला. कॅफे द पारीत पाहुण्यांची ऊठबस करायची, तेव्हा नाव क्वीनी. मग सिनेमे काढणाऱ्या अलेक्झांडर कोर्डाच्या नजरेस पडली. त्याने १९३३ मध्ये आठव्या हेन्री राजावरच्या सिनेमात तिला त्याची राणी ॲन बोलिन केलं. भूमिका अगदी लहान, पण तेवढ्यावर नाव झालं. मग प्रसिद्धीवाल्यांनी तिला गाव दिलं. टास्मानियातलं होबार्ट! लांबचं, इंग्रजांच्या राज्यातलं, आणि कोणी तपासायला जाईल अशी शक्यता नाही. जन्माचे कागद आगीत जळाले अशी पुरवणीही जोडली.

तिच्यावर मला राग धरता येत नाही. पडद्यावर गोऱ्या आणि काळ्या माणसांचं प्रेम दाखवायला तेव्हा हॉलिवूडच्या आचारसंहितेने मनाई केली होती. अमेरिकेने १९१७ च्या कायद्यानेच भारतीयांना दार बंद केलं होतं. खरं सांगितलं असतं तर तिथल्या गोल्डविन नावाच्या निर्मात्याने तिला नायिका म्हणून उभंच केलं नसतं. व्हिव्हियन लीसुद्धा आपल्याकडचीच, दार्जिलिंगला जन्मलेली, पण तिला दार्जिलिंग लपवावं लागलं नाही. नायक ऑलिव्हिएला 'वदरिंग हाइट्स'मध्ये नायिका कॅथी म्हणून तीच हवी होती, आणि भूमिका मिळाली मर्लला. हे वाचून मी एकटीच टाळी वाजवली.

१९३७ मध्ये लंडनला मोटारीच्या अपघातात तिच्या चेहऱ्यावर व्रण राहिले. पुढे ल्युसिअन बॅलार्ड नावाच्या कॅमेरामनने, तो नंतर तिचा नवराही झाला, कॅमेऱ्याशेजारी लावायचा एक छोटा दिवा तिच्यासाठी बनवला. व्रण दिसेनासे झाले. त्या दिव्याला 'ओबी' म्हणतात, तिच्याच नावावरून. तुझ्या सेटवर असतो का गं तो? पुढच्या वेळी विचार कोणाला तरी आणि मला सांग.

आता जे सांगायचं नव्हतं ते. तिला वाढवलेली बाई शार्लट, खरं तर आजी, पण मर्ल तिलाच आई समजायची. जन्म देणारी कॉन्स्टन्स तिच्या लेखी बहीण होती. ही शार्लट रंगाने सावळी. लंडनला मर्लसोबत राहायची आणि पाहुणे आले की ती मोलकरीण आहे असं सांगितलं जायचं, असं म्हणतात. १९३७ मध्ये शार्लट गेली. १९४९ मध्ये मर्लने जुन्या फोटोवरून तिचं चित्र काढून घेतलं आणि चित्रकाराला सांगितलं, रंग उजळ कर. ते चित्र शेवटपर्यंत तिच्या घरात होतं. जिवंतपणी मोलकरीण आणि मेल्यावर गोरी.

मर्लच्या भावाला, म्हणजे कॉन्स्टन्सच्या मुलाला, मुंबईच्या सरकारी दफ्तरात तिचा जन्मदाखला सापडला. तोवर तो स्वतःला तिचा भाचा समजत होता. तो तिला भेटायला लॉस एंजेलिसला गेला. ती भेटली नाही.

मी असं म्हणत नाहीये की तू तसं करशील. पण मागच्या खेपेला तुझ्या मैत्रिणी यायच्या होत्या तेव्हा तू म्हणालीस, आई, साडी नको, तो हिरवा ड्रेस घाल. घातला मी. बरा दिसला, सगळ्या म्हणाल्या. मी आपलं आठवलं म्हणून लिहिलं.

तुला सांगू? 'वदरिंग हाइट्स' मी दोनदा पाहिला आणि मला ती त्यात आखडलेलीच वाटली. 'दीज थ्री'मध्ये जास्त मोकळी आहे, तो बघ. माझं आपलं मत असं की जिला चोवीस तास स्वतःच्या जिभेवर पहारा ठेवायचा आहे, तिला कॅमेऱ्यासमोर तो उतरवता येत नाही. समीक्षक काय म्हणतात मला ठाऊक नाही. पण तुझ्या बाबतीत हीच भीती आहे. खोटेपणाची नाही गं, खोटं कोण बोलत नाही, मी ट्रंकवर रोज बोलायची. उद्या मुलाखतीत कोणी लंडनची शाळा विचारली की तू काय सांगणार? परवा अजून एक. आणि मग मी आले की मला कोण म्हणून सांगणार?

बघ, पुन्हा तिथेच आले. सोड. लेक्चर झालं, माफ कर. नाव आणि गाव न बदलता तुला ऑडिशनला काय काय मिळतं ते मला रोहनने सांगितलंय. दुकानदाराची बायको, डॉक्टर, परत दुकानदाराची बायको. मी इथे ठाण्यात बसून अक्कल शिकवणं सोपं आहे. तुझा तो नर्सचा सीन मी वरच्या मजल्यावरच्या आजींनाही दाखवला. एकच वाक्य, पण तू ते म्हणण्याआधी पेशंटची चादर सरळ केलीस ना, ते कोणी शिकवलं नसणार. ते कुडाळच्या आजीचं आहे. तिला मी शेवटच्या दिवसांत तसंच करताना पाहिलंय, स्वतःचीच चादर.

मे महिन्यात येतेय. व्हिसाचं पत्र तेवढं लवकर पाठव. त्या मॅनेजरला जेवायला बोलाव एकदा, मी वाल करीन. बिरडं इथूनच सोलून सुकवून आणायचं म्हणतेय, कस्टमवाले घेऊ देतात का विचारून कळव. मेतकूट मागच्या वेळी दिलं होतं त्यांनी. कपड्यांत साड्याच आणते आहे, ड्रेसला आता शिवण उसवली आहे.

वेळेवर जेव.

तुझी,
आई

ता. क. रोहनला ओरडू नकोस. पान मीच मागितलं होतं बघायला.