बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की जुन्या गाड्यांचे सेल्फ लागेनासे होतात. सकाळी किल्ली फिरवली की नुसते ‘टक्’ होते, चार जण धक्का मारून गाडी चालू करतात आणि दुपारपर्यंत नवी बॅटरी बसवून होते. महिना-दीड महिन्यात ती नवी बॅटरीही झोपते. कारण खोट बऱ्याचदा बॅटरीत नसतेच, ती भरणाऱ्या यंत्रणेत असते. मारुती 800 चे उत्पादन 2014 मध्ये थांबले, तरी ती आणि तिच्या पिढीतल्या कितीतरी गाड्या 15 वर्षांनंतर फिटनेस करून, नोंदणी वाढवून आजही रोज चालतात. त्यांच्या मालकांसाठी आणि त्या दुरुस्त करणाऱ्यांसाठी हे पत्र.

साधा डिजिटल मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टर्मिनलना लावावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत 12.6 दाखवले तर बॅटरी पूर्ण भरलेली, 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी. 12 च्या खाली गेली असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फुगलेला येतो, म्हणून हेडलाइट दोन मिनिटे लावून, बंद करून, थोडे थांबून मग मोजावे. आणि रिकाम्या बॅटरीवरून ती खराब आहे असा निकाल कधीच देऊ नये. आधी चार्जरवर लावावी. 35 अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास द्यावेत. त्यानंतर सेल्फ मारताना व्होल्टेज 9.6 च्या खाली घसरले तर मात्र बॅटरी तरी गेली आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतो आहे.

आता गाडी चालू करून थोडी रेस द्यावी. बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट यायला हवेत. मग हेडलाइट, ब्लोअर, वायपर, एसी असेल तर एसी, सगळे एकदम लावावे. आकडा 13.5 च्या आसपास टिकला तर चार्जिंग ठीक आहे. 15 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग, ज्याला अजूनही कटआउट म्हणतात तो, गेलेला आहे. अशा गाडीत बॅटरीचे पाणी भराभर आटते, बल्ब उडतात, बॉनेट उघडताच कुजक्या अंड्यासारखा वास येतो. आणि 12.4 वरून आकडा हळूहळू उतरत असेल तर चार्जिंग होतच नाही.

इथेच घाई होते. चार्जिंग नाही म्हटल्यावर लगेच अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी भरणारे यंत्र, खोलायला घेतात. त्याआधी पाच मिनिटे वायरवर घालवावीत. सगळे दिवे लावून, इंजिनाला रेस असताना मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर धरावी. खांबावरच, क्लॅम्पवर नाही. आकडा 0.3 व्होल्टपेक्षा कमी हवा. तो 0.8 आला तर अल्टरनेटर 14.2 देतो आहे आणि बॅटरीला 13.4 पोहोचताहेत. मधले 0.8 व्होल्ट वायरमध्ये, तिच्या टोकाच्या थिंबलमध्ये किंवा मेन फ्यूजच्या जोडात उष्णता होऊन जातात. 20 अँपिअर करंट असेल तर ही 16 वॉटची उष्णता एका जोडात साठते. म्हणूनच तो जोड हाताला चटका देतो.

अशी थिंबल बाहेरून चांगली दिसते, पण वायर जरा वाकवून पाहावी. कव्हर कडक झालेले असते, आत कुरकुर जाणवते. एक इंच कव्हर सोलले की तांबे काळे किंवा हिरवट दिसते. नुसती थिंबल बदलून उपयोग नाही. चकचकीत तांबे लागेपर्यंत वायर मागे कापावी आणि तिथे नवी थिंबल दाबावी. काळेपणा संपतच नसेल तर वायर पूर्ण बदलावी. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत हे फार लवकर होते.

हीच तपासणी अर्थिंगची. एक पिन अल्टरनेटरच्या अंगावर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, आकडा 0.2 च्या आत हवा. जास्त असेल तर इंजिन ते बॉडी जाणारी वेणीची पट्टी पाहावी. ती तुटली की सेल्फचा करंट परतीची वाट शोधत ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून जातो. सेल्फ मारल्यावर केबल गरम लागत असेल तर दुसरा पुरावा नको. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून धुवावा. ते पाणी बॅटरीच्या सेलमध्ये जाऊ देऊ नये. मग खांब आणि क्लॅम्प पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळून, वरून पेट्रोलियम जेली लावावी. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या लाल दिव्याकडे तर कुणी बघतच नाही. किल्ली ऑन आणि इंजिन बंद असताना तो लागलाच पाहिजे. बऱ्याच जुन्या अल्टरनेटरमध्ये रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, पहिला करंट त्याच बल्बमधून मिळतो. बल्ब उडाला, किंवा हौसेने तिथे एलईडी बसवला, तर धडधाकट अल्टरनेटरसुद्धा जागा होत नाही, किंवा जोरात रेस दिल्यावरच जागा होतो. दिवा लागत नसेल तर अल्टरनेटरच्या मागचा छोटा कनेक्टर काढावा आणि दिव्याची वायर क्षणभर बॉडीला टेकवावी. ती कोणती, हे आधी त्या गाडीच्या वायरिंगच्या नकाशात पाहून नक्की करावे. शेजारची वायर जिवंत असू शकते, ती टेकवली तर फ्यूज जाईल. दिवा लागला तर बल्ब आणि वायर ठीक, दोष आत आहे, आणि तो बहुधा कार्बनचा, म्हणजे रोटरला करंट पोहोचवणाऱ्या ब्रशचा, असतो. पाच मिलिमीटरपेक्षा कमी उरलेले कार्बन बदलावेत आणि त्याच वेळी ते ज्यांवर घासतात त्या स्लिपरिंग बारीक पॉलिश पेपरने साफ कराव्यात. काळ्या, खाचा पडलेल्या रिंगवर नवे कार्बन टिकत नाहीत.

अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट अंगठ्याने मधोमध दाबला की साधारण सेंटिमीटरभर दबावा. कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर ताणून काही होत नाही, बदलावाच. किंचाळणे थांबवण्यासाठी फार ताणला तर बेअरिंग जाते.

गाडी चालवताना चार्जिंग बरोबर, पण दोन दिवस उभी राहिली की बॅटरी रिकामी, असे असेल तर गळती शोधावी. निगेटिव्ह वायर काढून मीटर 10 अँपिअरच्या खोबणीत लावून ती वायर आणि बॅटरीचा खांब यांच्यामध्ये जोडावा. तो लावलेला असताना सेल्फ मारू नये, मीटर जळेल. कार्ब्युरेटरच्या गाडीत घड्याळ आणि स्टिरिओ मिळून 20-30 मिलिअँपिअर चालतील. 300 दिसले तर दिवसाला 7 अँपिअर-अवर वाहून जातात, म्हणजे 35 ची बॅटरी अडीच दिवसांत निम्मी. एकेक फ्यूज काढत जावे. सगळे काढूनही आकडा उतरला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून पाहावे. त्याने उतरला तर आतला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, गळतो आहे. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी कोमट लागणे हीही त्याचीच खूण.

एक गोष्ट मात्र ताबडतोब बंद व्हायला हवी. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘गाडी बंद पडली नाही, म्हणजे अल्टरनेटर चांगला’ असे दाखवतात. ही डायनामोच्या काळातली रीत आहे. अल्टरनेटरच्या गाडीत वायर सुटताच व्होल्टेज क्षणभर कितीतरी पट उसळते. त्यात डायोड, रेग्युलेटर आणि इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, तोसुद्धा जाऊ शकतो. ज्या तपासणीने चांगला भाग मरतो ती तपासणी ग्राहकाने करू देऊ नये. धंद्यातल्या मंडळींनीही ती सोडून द्यावी, ही कळकळीची विनंती.

बॅटरी किंवा अल्टरनेटर बदलण्याच्या प्रत्येक बिलावर चार आकडे लिहिलेले असावेत: उभ्या गाडीचे व्होल्टेज, सेल्फ मारतानाचे, सगळे दिवे लावून चालू गाडीचे, आणि जाड वायरमधली घट. ग्राहकांनी हे आकडे मागावेत, ग्राहक संघटनांनी त्यांचा आग्रह धरावा. लिहायला एक ओळ पुरते आणि मोजायला दहा मिनिटे.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, रत्नागिरी