तारापूरच्या कुंपणाबाहेरची जबाबदारी

संपादक महोदय,

तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या सुरक्षिततेविषयी बोलणे निघाले की ते बहुधा अणुभट्टीपाशीच थांबते. १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्या किती जुन्या झाल्या आणि नंतरच्या ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या किती भक्कम आहेत, याची चर्चा तज्ज्ञ करतात आणि ती त्यांनी करावीच. मला लिहायचे आहे ते केंद्राच्या कुंपणाबाहेर, जिथे आम्ही राहतो, तिथल्या व्यवस्थेविषयी. अपघाताची शक्यता अतिशय कमी आहे हे मला मान्य आहे. मात्र तो झालाच तर काम एका संस्थेचे राहत नाही, आणि दोन खात्यांच्या हद्दी जिथे भिडतात तिथेच अशा योजना उसवतात, असे जगभरचा अनुभव सांगतो.

आपल्याकडे आणीबाणीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. बिघाड केंद्रापुरता किंवा आवारापुरता असेपर्यंत सूत्रे न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनच्या अधिकाऱ्यांकडे राहतात. गुजरातेत काक्रापार येथे ११ मार्च २०१६ रोजी पहिल्या भट्टीत ती थंड ठेवणाऱ्या जड पाण्याची गळती झाली, तेव्हा केंद्रापुरती आणीबाणी जाहीर झाली आणि प्रकरण आवाराबाहेर गेले नाही. परंतु किरणोत्सर्ग कुंपण ओलांडेल असे दिसताच सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती येतात. १६ किलोमीटर त्रिज्येच्या नियोजन क्षेत्रातील लोकांना घरात थांबायला सांगायचे, थायरॉइड ग्रंथीचे रक्षण करणाऱ्या आयोडीनच्या गोळ्या वाटायच्या की गावेच्या गावे हलवायची, हे त्यांच्या आदेशाने ठरते. त्यासाठीचा तांत्रिक सल्ला केंद्राच्या संचालकांकडून येणार, किरणोत्सर्गाची मोजमापे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तिथल्याच पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळेकडून, बंदोबस्त पोलिसांकडून, गाड्या एसटीकडून, औषधे आरोग्य विभागाकडून आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, ज्यांच्या पाचव्या बटालियनचा तळ पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे, ते घाट उतरून. अणुऊर्जा नियामक मंडळ या सगळ्यावर देखरेख ठेवते, पण गावात जाऊन हुकूम देणे हे त्याचे काम नाही. म्हणजे ज्या अधिकाऱ्याला काही तासांत हा निर्णय घ्यायचा आहे तो किरणोत्सर्गाचा जाणकार नसतो, दोन-तीन वर्षांत त्याची बदली होते, आणि निर्णयाला लागणारी प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात असते. आयोडीनची गोळी किरणोत्सर्गी आयोडीन शरीरात जाण्याच्या थोडे आधी किंवा लगेचच घेतली तरच उपयोगी पडते, हे लक्षात घेतले म्हणजे या सांधेजुळणीत गेलेल्या प्रत्येक तासाची किंमत कळते.

अमेरिकेत थ्री माइल आयलंड येथील अणुऊर्जा केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी अपघात झाला, तेव्हा अशीच ओढाताण झाली. केंद्र चालवणारी कंपनी, संघराज्याचे नियामक आणि राज्याचे गव्हर्नर यांच्याकडून निरनिराळी माहिती बाहेर पडत राहिली. दोन दिवसांनी गव्हर्नरांनी पाच मैलांच्या आतील गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना बाहेर पडण्याचा सल्ला दिला, आणि प्रत्यक्षात सुमारे १,४०,००० लोक घरे सोडून निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेने कुंपणाबाहेरच्या नियोजनाची तपासणी अणुनियामकाकडून काढून आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेकडे दिली. तेव्हापासून दर दोन वर्षांनी होणाऱ्या तालमीचे मूल्यमापन ही यंत्रणा करते, त्यात आढळलेल्या उणिवांसह अहवाल जनतेसाठी खुला असतो, आणि केंद्राच्या परवान्याचा विचार करताना नियामकाला तो वाचावा लागतो. नियोजन क्षेत्रातील रहिवाशांना काय करावे याची माहिती दरवर्षी दिली जाते. या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे उणीव लपून राहत नाही.

जपानकडे तर साधनांची कमतरता नव्हती. तरी मार्च २०११ मध्ये भूकंपानंतर फुकुशिमा येथे अणुअपघात झाला तेव्हा सगळ्या खात्यांनी एकत्र बसावे म्हणून बांधलेले समन्वय केंद्र प्रकल्पापासून अवघ्या पाच किलोमीटरवर होते. भूकंपाने वीज व संपर्क तुटला, हवा गाळण्याची सोय नव्हती, आणि काही दिवसांतच ते सोडून द्यावे लागले. किरणोत्सर्ग कोणत्या दिशेने वाहील याचा संगणकीय अंदाज सरकारकडे तयार होत होता, पण तो नामिए या गावाच्या प्रशासनापर्यंत पोहोचलाच नाही, आणि तिथले लोक ज्या त्सुशिमा भागात आसऱ्याला गेले त्याच दिशेला किरणोत्सर्ग वाहत गेला. रुग्णालयातील अंथरुणाला खिळलेले वृद्ध घाईने हलवताना आणि त्यानंतरच्या दिवसांत दगावले. त्यांना कुणी, कशातून, कुठे न्यायचे हे खात्यांमध्ये आधी ठरलेले नव्हते.

आता पालघर जिल्ह्याकडे पाहावे. केंद्राशेजारी बोईसरची औद्योगिक वसाहत आहे, आणि तिथल्या रासायनिक अपघातांसाठी १९९६ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्याच अध्यक्षतेखाली वेगळा जिल्हा संकट गट असतो. तिथे स्फोटाचा आवाज झाला की लोक घराबाहेर पडतात, वाट फुटेल तिकडे धावतात. अणुआणीबाणीत मात्र बहुधा पहिला आदेश घरात जाऊन दारे-खिडक्या बंद करण्याचा असेल. भोंगा वाजल्यावर तो कशाचा आहे आणि धावायचे की थांबायचे, हे वसाहतीतील हिंदी भाषक कामगारांना, पाड्यांवरील वारली कुटुंबांना आणि शाळेतल्या शिक्षकांना सारखेच कळायला हवे. दोन योजना दोन फायलींत राहिल्या तर ते कळणार नाही. दांडी, उच्छेळी, नवापूर, घिवली येथील बोटी समुद्रात असतील तर त्यांना किनाऱ्याकडे येऊ नका हे कोण सांगणार: तटरक्षक दल, मत्स्यव्यवसाय विभाग की मच्छीमार संस्था? बोईसर आणि वाणगाव स्थानकांवर गाड्या थांबवायच्या की न थांबता पुढे काढायच्या, याचा निर्णय पश्चिम रेल्वेचा असला तरी त्याची सूचना कोणत्या क्रमांकावर जाणार? नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्याला भूकंपाचे धक्के बसत आले आहेत; ते सौम्य असले तरी रस्ता आणि फोन एकाच वेळी बंद पडतील हे गृहीत धरून तालीम झाली पाहिजे. त्यात आता केंद्राच्या १६ किलोमीटरच्या नियोजन क्षेत्राच्या आतच वाढवण बंदर उभे राहत आहे. ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. हजारो कामगार, जहाजे आणि अवजड वाहने येतील, तेव्हा आज ज्या रस्त्यांवरून गावे हलवण्याचा हिशेब मांडलेला आहे तो नव्याने मांडावा लागेल, आणि बंदर प्राधिकरणाला या योजनेत पहिल्या दिवसापासून जबाबदारी द्यावी लागेल.

नियमाप्रमाणे आपल्याकडेही कुंपणाबाहेरची तालीम दर दोन वर्षांनी होते. माझी मागणी त्या तालमीविषयी आहे. तिचे मूल्यमापन केंद्राशी व जिल्हा प्रशासनाशी संबंध नसलेल्या राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या पथकाने करावे, तीत औद्योगिक वसाहत, रेल्वे, तटरक्षक दल, मच्छीमार संस्था आणि बंदराचे प्रतिनिधी असावेत, आणि संरक्षणाच्या दृष्टीने गोपनीय असलेला भाग वगळून तिचा अहवाल मराठीत जिल्ह्याच्या संकेतस्थळावर व प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा. कोणत्या खात्याला किती वेळ लागला आणि मागच्या वेळची कोणती उणीव भरून निघाली, हे त्यात आकड्यांनिशी असावे. नव्या जिल्हाधिकाऱ्यांनी पदभार घेतल्यापासून महिनाभरात केंद्राच्या संचालकांसोबत या योजनेचा संयुक्त आढावा घेणे सक्तीचे करावे. यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राज्य आणि जिल्हा प्राधिकरणांना दिलेले अधिकार त्याला पुरेसे आहेत.

आपला,
एक वाचक, चिंचणी (जि. पालघर)